आपा, वॉरंटी वाढवून देऊ का?

गेल्या पावसाळ्यात मुलीसाठी लॅपटॉप घ्यायला नव्या पेठेतल्या एका दुकानात गेलो. बीसीएला तिचा नंबर पुण्यात लागला होता आणि कॉलेज सुरू व्हायला जेमतेम दहा दिवस उरले होते. मॉडेल घरूनच ठरवून गेलो होतो, किंमत ५४,९९० रुपये. पैसे मोजायची वेळ आली तेव्हा काउंटरवरचा मुलगा हसून म्हणाला, "आपा, ओळखलं नाही का?" दहावीला माझ्या वर्गात होता. मराठीत काठावर पास. आता गळ्यात ओळखपत्र, इन केलेला शर्ट, आणि बोलणं माझ्यापेक्षा सफाईदार.

खुशाली विचारून झाल्यावर त्याने मुद्द्याला हात घातला. कंपनीची वॉरंटी एकच वर्षाची आहे. आणखी दोन वर्षं वाढवून घ्या, फक्त ५,९९९ रुपये. "दिवसाला आठ रुपये पडतात, आपा. चहाचा कप येत नाही तेवढ्यात. ले लेव."

मी लगेच हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दोन दिवसांनी सांगते म्हणाले. त्या दोन दिवसांत जे वाचलं, विचारलं आणि वहीत मांडलं ते इथे लिहिते आहे. कारण आपल्याकडे मुलांना लॅपटॉप घेऊन देणाऱ्या घरांची संख्या वाढते आहे, आणि हा प्रश्न नेमका अशा वेळी विचारला जातो की तेव्हा आपलं डोकं चालत नाही. पन्नास-साठ हजार मोजलेल्या माणसाला सहा हजार किरकोळ वाटतात. तेच सहा हजार एरवी घराबाहेर काढायचे तर आपण आठवडाभर चर्चा करतो.

आधी माझा जुना अनुभव सांगते, म्हणजे माझा कल कुठे आहे ते तुम्हाला कळेल. २०२० मध्ये शाळा बंद पडली आणि मोबाइलवर तास घेता घेता डोळे गेले, तेव्हा एक लॅपटॉप घेतला होता. दुसऱ्या दुकानातून. त्यावर दुकानवाल्याने सांगितलेली वाढीव वॉरंटीही घेतली. तिसऱ्या वर्षी त्याचं बिजागर, म्हणजे झाकण जिथे वळतं तो सांधा, तडकला. रोज उघडझाक, दुसरं काही नाही. दुकानात नेला तर ते म्हणाले, ही वॉरंटी आमची नाही, ती चालवणारी कंपनी वेगळी, या नंबरवर फोन करा. फोनवरच्या मुलीने फोटो मागवले. चार दिवसांनी मेसेज आला की हे 'फिजिकल डॅमेज' आहे, क्लेम नामंजूर. मी कागद काढून पाहिला. बारा पानं, इंग्रजी, मुंगीएवढी अक्षरं. नवव्या पानावर खरंच लिहिलं होतं. चूक त्यांची म्हणू की न वाचता सही करणाऱ्या बीएड झालेल्या बाईची?

म्हणून या वेळी कागद आधी मागितला. माझा विद्यार्थी गोंधळला. त्याच्याकडे रंगीत पत्रक होतं, अटींचा कागद नव्हता. "पॉलिसी नंतर ईमेलवर येते आपा." पैसे आधी, अटी नंतर. शेवटी त्याने वरिष्ठांना विचारून तो मिळवून दिला, याचं श्रेय त्याला.

कागद वाचताना एक गोष्ट पहिल्यांदा नीट समजली. 'वाढीव वॉरंटी' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, लॅपटॉप बनवणारी कंपनीच स्वतःच्या वॉरंटीची मुदत वाढवते. दोन, दुकान किंवा ऑनलाइन विक्रेता कुठल्या तरी तिसऱ्याच कंपनीमार्फत योजना विकतो. तीन, अपघाती नुकसानीचं संरक्षण, म्हणजे लॅपटॉप पडला, त्यावर चहा सांडला, स्क्रीन फुटली तर. काउंटरवर तिन्हींना 'वॉरंटी' म्हणतात आणि आपण समजतो की काहीही झालं तरी भरून मिळणार. प्रत्यक्षात पहिल्या दोन प्रकारांत साधारणपणे फक्त आतून, आपोआप झालेला बिघाड धरला जातो. पडणं-सांडणं त्यात नाही. बॅटरी बहुतेक ठिकाणी वर्षभरच धरतात, कारण ती झिजणारी वस्तू. चोरी नाही. आणि आतला डेटा कुठल्याच वॉरंटीत नाही. डिस्क बदलून देतील, पण तुमच्या मुलीचा प्रोजेक्ट आणि तुमच्या अम्मीचे फोटो गेले ते गेले.

कॉलेजच्या मुलांच्या लॅपटॉपला काय होतं? माझ्या ओळखीतल्या घरांत विचारून पाहिलं. पडला. बॅगेत दाबला गेला. पाणी सांडलं. चार्जरची वायर तुटली. दोन वर्षांत बॅटरी उतरली. कीबोर्डची बटणं गेली. यातलं बहुतेक काही साध्या वाढीव वॉरंटीत बसत नाही. जे बसतं, म्हणजे मदरबोर्ड जाणं किंवा डिस्क बसणं, ते घडतं, पण कमी घडतं.

यंत्रं बिघडण्याची एक रीतही आहे. इंजिनियर लोक तिला बाथटबचा आलेख म्हणतात. सुरुवातीचे काही महिने बिघाड जास्त, कारण कारखान्यातले दोष तेव्हा बाहेर येतात. मग मधला सपाट, शांत काळ. आणि शेवटी म्हातारपण आलं की पुन्हा चढण. सुरुवातीची चढण कंपनीच्या मूळ वॉरंटीत जाते. वाढीव वॉरंटी बहुधा विकली जाते ती मधल्या सपाट काळासाठी, आणि म्हातारपण सुरू होण्याच्या सुमाराला संपते. ती विकणाऱ्याला परवडते यात नवल ते काय?

आता हिशेब. बेगम पेठेत एक दुरुस्ती करणारे आहेत, वीस वर्षं हेच काम. त्यांना विचारलं, या मॉडेलचा मदरबोर्ड गेला तर किती? अंदाजे अठरा हजार. पातळ लॅपटॉपमध्ये रॅमही बोर्डावरच जोडलेली असते, एक गेलं की सगळंच बदलावं लागतं, म्हणून एवढा आकडा. अठरा हजारांच्या खर्चासाठी मी आज सहा हजार द्यायचे, म्हणजे त्या दोन वर्षांत बोर्ड जाण्याची शक्यता तीनात एक असली तरच माझे पैसे वसूल. दर तीन लॅपटॉपमागे एकाचा बोर्ड तिसऱ्या वर्षापर्यंत जात असेल, तर ते मॉडेल घ्यायलाच नको. शिवाय तिसऱ्या वर्षी त्या लॅपटॉपची किंमतच वीस-पंचवीस हजार उरलेली असेल. त्यावर अठरा हजार घालायचे की नवा घ्यायचा, हाही प्रश्न तेव्हा असेल.

माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्यांना हा हिशेब दाखवला तर ते म्हणाले, "बाई, माझा बोर्ड गेला होता. अडीच वर्षांनी. कंपनीची वाढीव वॉरंटी होती, माणूस घरी येऊन बदलून गेला, एक रुपया लागला नाही." खरं आहे. असं होतं. ज्याचं होतं त्याला माझ्या वहीतल्या तीनात एकशी काय देणंघेणं? म्हणून फक्त हिशेबावर हा प्रश्न सुटत नाही.

घरात दुसरीच चर्चा सुरू झाली. माझे दीर तबलीगच्या कामात असतात. ते म्हणाले, हे विम्यासारखंच आहे, यात ग़रर आहे, घेऊ नका. नणंदेचा मुलगा म्हणाला, उंट बांधून मगच तवक्कुल करायला सांगितलंय ना? मी आलिमा नाही, फतवा देण्याची माझी लायकी नाही. पण उर्दू शिकवते, किताबं उघडता येतात, आणि या चर्चेत मला रस वाटला, कारण आपल्या जुन्या फिक्हमध्ये हा प्रश्न फार बारकाईने हाताळलेला आहे.

विकलेल्या मालात आधीपासून दोष निघाला तर तो परत करण्याचा खरेदीदाराचा हक्क फिक्हने मानला आहे. त्याला 'ख़ियार-ए-ऐब' म्हणतात. म्हणजे मूळ वॉरंटीचा गाभा आपल्याला नवा नाही. दोष लपवून विकणं हा धोका, आणि त्याची जबाबदारी विकणाऱ्यावर. ती जबाबदारी किमतीतच आली, तिचे वेगळे पैसे नाहीत. अडचण सुरू होते ती भविष्यात होईल-न होईल अशा बिघाडासाठी आज वेगळी रक्कम घेतली जाते तेव्हा. मी काय दिलं ते नक्की, काय मिळणार ते अनिश्चित. याच कारणाने जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामिक फिक्ह अकादमीने १९८५ मध्ये ठराविक हप्त्याच्या व्यावसायिक विम्याविरुद्ध मत दिलं आणि परस्पर सहकाराच्या विम्याला मान्यता दिली. वाढीव वॉरंटीला काही उलेमा याच रांगेत बसवतात. काही म्हणतात, बनवणाराच देखभाल करून देत असेल तर तो सेवेचा करार आहे, जायज आहे. मतभेद आहे, आणि ज्याला जी बाजू पटेल त्याने आपल्या आलिमाला विचारून ठरवावं.

माझं लक्ष मात्र दुसऱ्याच शब्दावर अडलं. मराठीतला 'जामीन' अरबीतल्या 'ज़ामिन'वरून आला. कोर्टात आपण तो रोज ऐकतो. आमच्या शिक्षकांच्या पतसंस्थेत कर्ज काढायचं तर दोन जामीनदार लागतात. मी आतापर्यंत पाच जणांना जामीन राहिले आहे. एकाचे हप्ते थकले तेव्हा सात महिने माझ्या पगारातून कपात झाली. घरात बोलणी खाल्ली. पण जामीन राहण्याचे पैसे मी कुणाकडून घेतले नाहीत आणि कुणी देऊही केले नाहीत. जुने फुकहाही बहुसंख्येने हेच म्हणतात की कफालत, म्हणजे हमी घेणं, हे भलाईचं काम आहे, त्यावर मोबदला घेऊ नये. हे वाचलं तेव्हा मला पतसंस्थेतला तो लाकडी बाक आठवला, जिथे आम्ही एकमेकांच्या फॉर्मवर सह्या करत बसतो. आणि वाटलं, माझ्या लॅपटॉपला खरा जामीन कोण आहे? तो नवव्या पानावरचा कागद? की ते पाच जण, ज्यांच्यापैकी कुणालाही रात्री फोन केला तर सकाळी पाच हजार मिळतील?

पुण्यात एकटी राहणारी मुलगी, परीक्षा तोंडावर, आणि लॅपटॉप बंद. या प्रसंगात पैशापेक्षा वेळ जास्त महत्त्वाचा. वॉरंटी असली तरी तपासणी, सुटा भाग येणं, यात दोन-तीन आठवडे सहज जातात. त्या काळात वापरायला दुसरा लॅपटॉप बहुतेक योजना देत नाहीत. मग मी ते बिजागर तुटलेलं यंत्र माळ्यावरून काढलं आणि बेगम पेठेत नेलं. चौदाशे रुपयांत सांधा बसवून मिळाला, वर साफसफाई फुकट. तो आता पुण्यात तिच्या कपाटात आहे. हळू चालतो, पण टाइप करता येतं. सोबत एक बाहेरची हार्ड डिस्क घेऊन दिली आणि दर रविवारी त्यात सगळं उतरवायची तंबी. ती उतरवते का, अल्लाह जाणे.

तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी वॉरंटीला नाही म्हणाले. हे लिहायला सोपं आहे, म्हणताना अवघड गेलं. माझा विद्यार्थी हसतच होता, पण बिल करता करता हळूच म्हणाला, "आपा, लॅपटॉप विकला त्याचं कुणी विचारत नाही. महिन्याला वॉरंट्या किती लावल्या, तेच विचारतात." त्याच्यावर टार्गेट आहे. कमी पडलं तर पुढच्या महिन्यात त्याला वरच्या मजल्यावर मिक्सर-पंख्यांच्या विभागात पाठवतात, तिथे सुटत काही नाही. मला क्षणभर वाटलं, सहा हजार त्याच्यासाठी म्हणून द्यावेत. मग लक्षात आलं की त्यातले त्याच्या हातात किती पडणार? मी त्याला ईदला घरी बोलावलं. तो आलाही.

दुकानदार ही वॉरंटी सक्तीची करू शकत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. एक वस्तू घ्यायची तर दुसरीही घ्याच, अशी अट घालणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रतिबंधित व्यापारी प्रथा मानलं आहे. ऑनलाइन घेताना टोपलीत वॉरंटी आपोआप येऊन बसली असेल तर तीही बारकाईने पाहून काढा. ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात असं काही घुसडण्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत 'डार्क पॅटर्न' ठरवलं आहे. आणि वॉरंटी असून दुरुस्ती नाकारली, तुमची बाजू खरी असेल, तर १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. २०२३ मध्ये मला हे माहीत असतं तर त्या बिजागरासाठी मी निदान एक पत्र तरी लिहिलं असतं. आपली माणसं कोर्टाच्या नावाने बिचकतात, मीही बिचकले.

घाई नको, याचं आणखी एक कारण. कंपनीची स्वतःची वाढीव वॉरंटी बऱ्याचदा पहिल्या वर्षात केव्हाही घेता येते. काउंटरवरचं "आज घेतली तरच" हे त्या योजनेला लागू असेलच असं नाही. वर्षभर वापरून पाहा, यंत्र कुरकुर करणारं निघालं तर अकराव्या महिन्यात घ्या. अपघाती संरक्षण मात्र अनेकदा सुरुवातीच्या काळातच घ्यावं लागतं. कंपनीच्या वेबसाइटवर सिरियल नंबर टाकून आपली वॉरंटी कुठल्या तारखेपासून धरली आहे तेही पाहून घ्या. कधी कधी ती बिलाच्या आधीची निघते, बिल पाठवलं की दुरुस्त करतात.

एवढं सगळं मी ठामपणे सांगत होते. मग सप्टेंबरमध्ये एक मुलगा आला.

हाही माझाच विद्यार्थी. वडील पॉवरलूमवर कामाला, घरातही दोन माग. स्कॉलरशिपचे पैसे आणि मामाची मदत जोडून त्याने आठ महिन्यांपूर्वी लॅपटॉप घेतला होता, डिप्लोमासाठी. विचारत होता, "आपा, वॉरंटी वाढवू का?" मी तोंड उघडलं आणि माझा सगळा युक्तिवाद घशात अडकला. माझा सल्ला काय होता? सहा हजार वेगळे काढून ठेवा, बिघाड झाला तर त्यातून करा. माझ्या पगारात ते ठेवता येतात. त्याच्या घरात वेगळे काढलेले सहा हजार पहिल्या आजारपणात संपतील. त्याच्याकडे जुना लॅपटॉप माळ्यावर नाही. रात्री फोन केला तर पाच हजार देणारे पाच जण त्याच्या वडिलांकडे नाहीत. असतील ते त्यांच्यासारखेच. अठरा हजारांचा खर्च माझ्यासाठी त्रास आहे, त्याच्यासाठी तो डिप्लोमाचा शेवट असू शकतो. अशा माणसाने हिशेबाने थोडा तोटा सोसूनही हमी विकत घेणं मला शहाणपणाचं वाटतं, आणि माझ्या दिरांनाही मी तसं सांगितलं. ते गप्प राहिले, जे त्यांच्या बाबतीत पुष्कळ झालं.

मी त्याला म्हणाले, घे. पण दुकानाची नको, कंपनीचीच घे. अटी आधी वाच, मी सोबत बसते. आम्ही बसलो. सोलापुरात घरी माग असला की काय होतं हे इथल्यांना सांगायला नको. सुताची तूस सगळीकडे असते, भांड्यांत, केसांत, अंथरुणात. त्याने लॅपटॉप कानाशी धरून मला पंख्याचा आवाज ऐकवला. घरघर येत होती. आणि अटींमध्ये न धरलेल्या कारणांच्या यादीत एक ओळ होती: धूळ किंवा तत्सम पदार्थ साचल्याने झालेला बिघाड.

कापसाची तूस धुळीत धरतात का? कंपनीच्या नंबरवर फोन केला. पहिल्या मुलीने "नाही सर, सगळं कव्हर आहे" म्हणून सांगितलं. मी फोन घेऊन विचारलं, हे लिहून पाठवाल का? तिने वरिष्ठांकडे दिलं. त्यांनी ईमेल करायला सांगितलं. आम्ही मराठीत मसुदा केला, त्याने तो इंग्रजीत उतरवला. इंग्रजी त्याचं मराठीपेक्षा बरं निघालं. दरम्यान त्याला महिन्यातून एकदा बेगम पेठेत पंखा साफ करून घ्यायला पाठवते, शंभर रुपयांत होतं.

ईमेल पाठवून तीन आठवडे झाले. उत्तर अजून नाही. त्याची मूळ वॉरंटी संपायला पावणेतीन महिने उरले आहेत.